कामकाजातून काढलेले शब्द आणि आपला वाचण्याचा हक्क

पागोळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आज मांडते आहे. लांबलंय, पण वाचा.

गेल्या महिन्यात एका जुन्या ग्रंथालयात लोकसभेतल्या चर्चांचे बांधीव खंड चाळत बसले होते. शोधत होते दुसरंच काही. एका पानावर एका सदस्याचं वाक्य मध्येच तुटलेलं दिसलं आणि पुढे नुसत्या तीन चांदण्या. पानाच्या तळाशी बारीक टायपात टीप: अध्यासनाच्या आदेशानुसार काढून टाकले. त्याच्या खालोखाल मंत्र्यांचं उत्तर होतं, चांगलं दीड पान, चिडून दिलेलं. उत्तर जागच्या जागी होतं, पण ते कशाला दिलं होतं तेच गायब. मी ते पान तीनदा वाचलं.

राज्यघटनेचा अनुच्छेद १०५ संसदेत भाषणस्वातंत्र्य देतो, आणि त्याच वाक्यात अटही घालतो: घटनेच्या तरतुदी आणि सभागृहाचे कामकाजाचे नियम यांच्या अधीन राहून. लोकसभेच्या नियम ३८० प्रमाणे बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे शब्द काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. तिथे चांदण्या छापायच्या हे नियम ३८१ सांगतो. इथवर माझं काही म्हणणं नाही. पाचशेहून जास्त माणसांचं सभागृह चालवायचं तर घंटा कुणाच्या तरी हातात हवीच.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे शब्द पत्रकार कक्षात बसलेल्या माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकले, ते त्याने छापावेत की नाही हे कुणी ठरवायचं?

याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दिलं आणि मला ते अजून पटलेलं नाही. पाटण्याच्या 'सर्चलाइट' या दैनिकाची गोष्ट. ३० मे १९५७ रोजी बिहार विधानसभेत महेश्वर प्रसाद नारायण सिंह या आमदाराने मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्यावर घणाघाती भाषण केलं. अध्यक्षांनी त्यातला काही भाग काढून टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात भाषण काढलेल्या भागासकट छापून आलं. संपादक एम. एस. एम. शर्मा यांच्यावर हक्कभंगाची नोटीस निघाली. शर्मा भाषणस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काची ढाल घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि चार विरुद्ध एक अशा निकालाने हरले. बहुमताचं म्हणणं असं की काढून टाकलेला भाग कायद्याच्या नजरेत बोललाच गेलेला नसतो, म्हणून तो छापणं हा भाषणाचा खरा वृत्तांत नव्हेच. आणि १९(१)(क) मधला भाषणस्वातंत्र्याचा हक्क सभागृहाच्या विशेषाधिकारापुढे, म्हणजे सभागृहाला आणि सदस्यांना मिळालेल्या खास हक्कांपुढे, नमतं घेतो. विरोधात एकटे न्यायमूर्ती सुब्बाराव उभे राहिले. मूलभूत हक्क वरचढ, विशेषाधिकार त्याखाली, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं.

बोललेलं बोललंच गेलं नाही असं कायद्याने मानायचं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. एका राज्याच्या विधानसभेत एका सदस्यापुरतं जे झालं, ते सतरा वर्षांनी अख्ख्या संसदेचं झालं.

आधी १९५६ चा कायदा. रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक आणून तो करून घेतला. संसदेतल्या कामकाजाचा खरा वृत्तांत सद्भावनेने छापला तर वर्तमानपत्रावर खटला चालणार नाही, एवढंच त्यात होतं. पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याचं प्रकरण त्यांनी सभागृहात काढलं, मुंबईत न्यायमूर्ती छागलांनी जाहीर चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. सभागृहातलं बोलणं निर्धास्तपणे छापता येतं तेव्हा काय होऊ शकतं, ते तेव्हा दिसलं. हाच कायदा ८ डिसेंबर १९७५ रोजी वटहुकमाने रद्द झाला. आणीबाणी चालू होती, पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी.

माझं म्हणणं एवढंच: सदस्याने सभागृहात कसं बोलावं यावर नियम जरूर असोत, पण मी काय वाचावं हे त्याच नियमाने ठरवता येणार नाही. तुम्हाला काय वाटतं? मतभेद असतील तर जरूर लिहा, मला ते हवेच आहेत.

मुळामुठा

पागोळीताई, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. एक भर घालतो, कारण ही हकिगत आपल्या मुंबईतली आहे.

मार्च १९५२. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना मुंबईत त्यांच्या राहत्या घरातून पकडलं आणि थेट लखनौला नेलं. हुकूम उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांचा, आरोप हक्कभंगाचा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं ही घटनेतली साधी अट, तीसुद्धा कुणी पाळली नाही. मिस्त्री लखनौच्या एका हॉटेलात अध्यक्षांच्या ताब्यात राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २२(२) वर बोट ठेवून त्यांना सोडायला लावलं. विचार करा, घटना लागू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

तुम्ही सांगितलेल्या १९५८ च्या खटल्यात हाच निकाल शर्मांच्या बाजूने पुढे केला गेला. बहुमताने सांगितलं की तो सरकारी वकिलांनी मुद्दा सोडून दिल्यामुळे लागलेला निकाल आहे, त्याने काही ठरत नाही. माणूस सुटला, पण प्रश्न तिथेच अडकून पडला.

खानदेशी

विषय महत्त्वाचा आहे, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. राग मानू नका.

अनुच्छेद १०५(२) बघा, राज्यांसाठी १९४(२). सदस्य सभागृहात जे बोलेल त्यावर कुठल्याही न्यायालयात कारवाई होत नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. आता माझ्या तालुक्यातली गोष्ट सांगतो. एका शिक्षकाचं नाव, गावासकट, सभागृहात घेतलं गेलं. आरोप पैसे खाल्ल्याचा. ते मला शिकवायला होते, म्हणून मला हे जवळून माहीत आहे. त्यांना तिथे जाऊन उत्तर देता येत नव्हतं. बदनामीचा दावा लावता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी नाव स्थानिक पेपरात आलं. सरांनी महिनाभर बाजारात जाणं सोडलं, भाजी आणायला मुलगा जायचा. चौकशीत काही निघालं नाही, पण ती बातमी कुणी छापली नाही.

अशा माणसाकडे एकच आधार असतो, अध्यक्षांनी ते नाव कामकाजातून काढून टाकणं. आणि काढून टाकलेलं बिनदिक्कत छापता येत असेल तर त्या काढण्याला अर्थ काय उरला? तुम्ही वाचकाच्या हक्काबद्दल लिहिलंत. ज्याचं नाव गेलं त्याचा हक्क कुठे बसवणार?

पागोळी

खानदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसले. सरांबद्दल वाईट वाटलं. हा मुद्दा मी माझ्या लेखात घ्यायलाच हवा होता.

सरांचं नाव काढणं मला मान्य आहे, आणि ते छापणाऱ्याला संरक्षण नसावं हेही मान्य आहे. बाहेरचा माणूस, ज्याला सभागृहात तोंड नाही, त्याच्यासाठी तो नियम आहे. लोकसभेच्या नियम ३५३ मध्ये आरोप करण्याआधी अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना नोटीस द्यावी लागते, तीही याचसाठी. पण पाटण्यात कुणाचं संरक्षण झालं? मुख्यमंत्र्यांचं. जो माणूस त्याच सभागृहात बसतो, उठून उत्तर देऊ शकतो, ज्याच्यामागे बहुमत आहे, त्याचं. तुमच्या सरांची ढाल सत्तेवरच्या माणसाने उचलली, हे माझं दुखणं आहे. नियमात या दोघांत फरकच केलेला नाही.

लघुलिपी

मी ३० वर्षांहून जास्त काळ विधिमंडळात प्रतिवेदक होतो, म्हणजे सभागृहातलं बोलणं लघुलिपीत उतरवून घेणारा. आता निवृत्त. नियमांवर मत देण्यापेक्षा हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो.

प्रतिवेदकाची पाळी काही मिनिटांचीच असते. पुढचा येऊन शेजारी बसतो, त्याची पेन्सिल चालू झाली की आपण उठायचं, आपल्या टेबलाशी जायचं आणि रेघांचं वाक्य करायचं. गोंधळात सहा जण एकदम बोलतात, तेव्हा ज्याला अध्यक्षांनी नाव घेऊन उठवलं त्याचंच घ्यायचं. म्हणजे काय नोंदवायचं याची पहिली निवड तिथेच होते, काढून टाकण्याच्या कितीतरी आधी. हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

आदेश दोन प्रकारचा येतो. एक जागच्या जागी, 'हे कामकाजातून काढून टाका.' दुसरा जास्त वेळा, 'तपासून काढून टाकण्यात येईल.' या दुसऱ्यात संध्याकाळ जाते, कधी त्याहून जास्त. पूर्वी तेवढ्या वेळात पत्रकार प्रेस रूममधून फोन करून मोकळे व्हायचे. आता तर थेट प्रक्षेपण आहे. शब्द तोंडातून निघाला की घराघरांत पोचला. मग संध्याकाळी तो इतिहासातून वगळला जातो. लोकांनी ऐकलेलं असतं, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला मात्र चांदण्याच दिसणार. मला याचंच वाईट वाटत आलं. आज कोण ऐकतं याच्यापेक्षा उद्या कुणाला पुरावा मिळतो, हे आम्हा नोंद करणाऱ्यांना मोठं वाटतं.

खानदेशींचं बरोबर आहे. मी स्वतः कागदावरून अशी नावं गाळलेली आहेत आणि ती गाळल्याचं मला समाधान आहे. पण 'मंत्री खोटं बोलत आहेत' यातला एक शब्द असंसदीय म्हणून वगळताना हात जड व्हायचा. ते वाक्य खरं होतं की नाही, हे तपासणं माझं काम नव्हतं.

दत्ताकाका

लघुलिपी साहेब, नमस्कार करतो तुम्हाला. फार मोलाचं लिहिलंत.

मी १९७५ साली सोलापुरात कॉलेजात होतो. वाचनालयात पेपर उघडायचो आणि वाटायचं देशात काही घडतच नाही. पागोळीताईंनी वटहुकमाचं लिहिलं, पण त्याच्या आधी जुलैमध्ये सभागृहात जे झालं ते इथे यायला हवं, कारण तुमच्या धाग्याचा गाभा तिथेच आहे.

२१ जुलै १९७५ ला अधिवेशन भरलं. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात. पहिल्याच दिवशी संसदीय कामकाज मंत्री रघुरामय्या यांनी प्रस्ताव मांडला: या अधिवेशनात फक्त सरकारी कामकाज होईल. प्रश्नोत्तरं नाहीत, लक्षवेधी नाही, सदस्यांचं खासगी कामकाज नाही, आणि त्यासाठी लागणारे सगळे नियम निलंबित. नीट बघा, नियम कुठेच मोडला नाही. नियम निलंबित करण्याची सोय नियमांतच असते, तीच वापरली. बहुमत होतं, प्रस्ताव मंजूर झाला. तारांकित प्रश्न विचारून मंत्र्याला उभं करणं हे एकट्या खासदाराचं हत्यार, तेच काढून घेतलं.

तरीही माणसं बोलली. ए. के. गोपालन बोलले, द्रमुकचे इरा सेळियन बोलले. आणि बाहेर सेन्सॉर बसलेला. त्याचे नियम पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आले. मंत्र्यांचं निवेदन छापा, पूर्ण किंवा थोडक्यात. चर्चेत भाग घेणाऱ्या सदस्यांची नावं आणि पक्ष छापा. त्यांचं भाषण मात्र कुठल्याही स्वरूपात छापायचं नाही. मतदानाचा निकाल छापा. म्हणून मला वाचनालयात आणीबाणीच्या मंजुरीचे ३३६ विरुद्ध ५९ हे आकडे कळले, पण त्या ५९ जणांचं म्हणणं काय होतं ते कळलं नाही. ते कळायला मला दोन वर्षं थांबावं लागलं. त्या वयात दोन वर्षं फार असतात हो.

आपले मधू लिमये तेव्हा मध्य प्रदेशात तुरुंगात होते. हरकतीचा मुद्दा कसा मांडावा हे ज्यांच्याकडून शिकावं असा माणूस. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर सरकारने ती वाढवून घेतली, तेव्हा त्यांनी आणि शरद यादवांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जनतेने पाच वर्षांसाठी पाठवलं, त्यापुढचा एक दिवसही आपला नाही, ही भूमिका. सभागृहाचे नियम ज्याला तोंडपाठ, त्याने नियमाच्या आडून होणाऱ्या गोष्टीला असं उत्तर दिलं.

वऱ्हाडी पाऊस

दत्ताकाका, वाचतच राहावं असं लिहिता तुम्ही.

त्याच काळातलं एक उजेडाचं उदाहरण. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे लेख मुंबईच्या सेन्सॉरने अडवले, ते न्यायालयात गेले आणि १० फेब्रुवारी १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या पत्रांची शिडं एकाच वाऱ्याला धरायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. ऐन आणीबाणीत, आपल्या मुंबईत. हे शाळेत शिकवलं पाहिजे.

पण मला आजचं विचारायचंय. आता सेन्सॉर नाही, वटहुकूम नाही. जनता सरकारने १९७७ मध्ये फिरोज गांधींचा कायदा परत आणला आणि ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३६१क घालून त्याला घटनेतच जागा दिली. मग आता चिंता कशाची?

मुळामुठा

वऱ्हाडी पाऊस, चिंता निलंबनाची. शब्द काढण्याऐवजी माणूसच काढला की चांदण्यासुद्धा छापाव्या लागत नाहीत.

आपल्याच विधानसभेत ५ जुलै २०२१ रोजी भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले, तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी बसून कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याबद्दल. अधिवेशन दोन दिवसांचं, शिक्षा वर्षाची. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन करता येत नाही, असं सांगितलं. त्यातला मला भिडलेला मुद्दा असा: हकालपट्टी केली तर निदान पोटनिवडणूक होते, इथे मतदारसंघाला वर्षभर प्रतिनिधीच नाही, म्हणून ही शिक्षा हकालपट्टीहूनही वाईट. न्यायालयाने इथे आमदाराच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मतदाराकडे पाहिलं.

आणि डिसेंबर २०२३, आता बाजू उलटी. संसदेच्या सुरक्षेत घुसखोरी झाली, गृहमंत्र्यांनी निवेदन करावं ही विरोधकांची मागणी, त्यावरून गदारोळ. लोकसभेचे १०० आणि राज्यसभेचे ४६, एकूण १४६ खासदार निलंबित. त्यांच्या नावावरचे प्रश्नही यादीतून गेले. त्याच आठवड्यात तीन नवे फौजदारी कायदे आणि दूरसंचार विधेयक मंजूर झालं. अटक, जामीन, फोनवरचं बोलणं ऐकण्याची सरकारची मुभा, सगळं नागरिकाच्या मानेशी संबंधित. फलक घेऊन हौद्यात उतरणं मला पसंत नाही, शिस्त हवीच. पण असे कायदे अशा सभागृहात होऊ नयेत, मग सत्तेवर कुणीही असो.

खानदेशी

मुळामुठा, दोन्ही उदाहरणं एकत्र दिलीत हे बरं केलंत. नाहीतर धागा पक्षांवर घसरला असता.

शिस्तीबद्दल मी अजून ठाम आहे. पण सरांचं उदाहरण मी दिलं तेव्हा माझ्या मनात एक दुबळा माणूस होता, आणि पागोळीताईंनी त्यात जो फरक दाखवला तो मला मान्य करावा लागतोय. नियमात तो फरक आणायचा कसा, हे कुणी सांगेल का?

थेम्सकाठी

लंडनहून लिहिते आहे. रोज वाचते, क्वचित लिहिते.

१९५८ च्या निकालाचं मूळ इथे आहे. आपल्या घटनेने लिहिलं होतं की विशेषाधिकार कायद्याने ठरवले जाईपर्यंत ते ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाइतकेच असतील. आणि कॉमन्सकडे सभागृहातल्या चर्चा छापायला मनाई करण्याचा फार जुना अधिकार कागदोपत्री शिल्लक होता. १७७१ साली चर्चा छापणाऱ्या मुद्रकांना पकडायला निघालेल्या याच कॉमन्सने, त्यांना वाचवणाऱ्या लंडनच्या महापौराला 'टॉवर ऑफ लंडन'मध्ये कैदेत टाकलं होतं. त्यानंतर इथे तो अधिकार वापरात राहिला नाही आणि १९७१ मध्ये कॉमन्सने ठराव करून सांगितलं की खुल्या बैठकीतली चर्चा छापली म्हणून आम्ही कुणावर कारवाई करणार नाही. इंग्रजांनी अडगळीत टाकलेली तलवार आपल्याकडे पाटण्याच्या संपादकावर चालली.

खानदेशी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आपल्या घटनेने 'कायद्याने ठरवले जाईपर्यंत' म्हटलं, आणि संसदेने तो कायदा आजवर केलेलाच नाही. तो करावा. त्यात लिहावं की सभागृहाबाहेरच्या माणसाचं नाव काढलं तर ते छापायचं नाही. मंत्र्यावरची टीका काढली तर छापणाऱ्याला हात लावायचा नाही. आणि शब्द काढताना कारण नोंदवायचं.

लघुलिपी

कारण नोंदवायचं, याला माझं संपूर्ण अनुमोदन. चांदण्यांखाली एक ओळ वाढेल फक्त. 'खासगी व्यक्तीचे नाव' किंवा 'अपशब्द' एवढं लिहिलं तरी पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला काय झालं असेल ते कळेल. प्रतिवेदकाला यात दोन मिनिटांहून जास्त काम नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

वऱ्हाडी पाऊस

दत्ताकाका, ती २१ आणि २२ जुलैची भाषणं आता कुठे वाचायला मिळतील?

पागोळी

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुने खंड चढवलेले आहेत, मी काल शोधले. जुलै १९७५ चा खंड उघडतो. स्कॅन काही ठिकाणी फिकट आहे, पण वाचता येतं.

एक सुचवते. गोपालन आणि सेळियन यांची भाषणं आपण मराठीत आणून याच धाग्यावर टाकूया का? तेव्हा जी छापू दिली नाहीत, ती आपण इथे टंकू. मी गोपालन घेते. मजकूर बराच आहे, दोन आठवडे लागतील.

थेम्सकाठी

सेळियन माझ्याकडे.

दत्ताकाका

नियम निलंबित करण्याच्या प्रस्तावावरची चर्चा मी घेतो. टंकायला वेळ लागतो मला, नातवाला शेजारी बसवीन. आणि मधूनमधून सदस्य एकमेकांना अडवतात ना, तीही वाक्यं सोडायची नाहीत, सगळी घ्यायची.

लघुलिपी

झालेला मजकूर माझ्याकडे पाठवा, मूळ खंडाशी ओळीला ओळ ताडून देतो. चांदण्या असतील तिथे चांदण्याच ठेवा. अंदाजाने काही भरू नका.